राष्ट्रपती, लोकसभा आणि महाभियोग : १९७९ च्या वादाचे पुनरवलोकन

राजाला जाब विचारता येतो काय, हा प्रश्न राज्यशास्त्राइतकाच जुना आहे. पैनगंगा आणि गोदावरी यांच्या मधल्या मुलखाला मात्र तो केवळ ग्रंथातला प्रश्न म्हणून कधीच वाटला नाही. जुना आदिलाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात साधी सभा भरवायची तरी सरकारी परवानगी लागे, आणि मातृभाषेतले वाचनालय चालवणे हेही संशयाच्या नजरेखाली करावयाचे काम होते. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमराम भीम आणि त्यांचे साथीदार गोळीबारात पडले. त्या गोळीबाराचा जाब राज्याच्या सर्वोच्च धन्याला विचारता येईल अशी कोणतीही सनदशीर वाट तेव्हा अस्तित्वात नव्हती. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपले आणि २६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान लागू झाले. त्या दिवसापासून येथील प्रजा नागरिक झाली. राष्ट्राच्या प्रथम नागरिकावरही दोषारोप ठेवून त्यास पदावरून दूर करता येईल अशी व्यवस्था असलेला कायदा तिच्या हाती आला.

या व्यवस्थेला मराठीत महाभियोग असे भारदस्त नाव आहे. भारताच्या एकाही राष्ट्रपतीवर आजपर्यंत महाभियोग चाललेला नाही. तथापि एका प्रसंगी ती भाषा देशाच्या राजकारणात उघडपणे उच्चारली गेली. तो प्रसंग म्हणजे ऑगस्ट १९७९ मधील लोकसभेचे विसर्जन. राष्ट्रपती होते नीलम संजीव रेड्डी. पंचेचाळीसहून अधिक वर्षांनंतर त्या वादाकडे पाहताना त्यातील व्यक्तींचा राग-लोभ विरून गेला आहे आणि प्रश्न तेवढा शिल्लक राहिला आहे. तो प्रश्न असा : संविधानाचा भंग आणि विवेकाची चूक यांत रेषा कोठे आखावयाची, आणि ती आखण्याचा अधिकार कोणाचा?

संविधानातील तरतूद

महाभियोगाची तरतूद संविधानाच्या ६१ व्या अनुच्छेदात आहे. दोषारोपाचे कारण एकच : संविधानाचा भंग. अमेरिकेच्या संविधानात राजद्रोह, लाचखोरी आणि अन्य मोठे अपराध असा उल्लेख आहे. आपल्याकडे शब्द थोडे आणि अर्थ व्यापक ठेवला आहे. संसदेच्या कोणत्याही एका सभागृहाला दोषारोप ठेवता येतो. त्यासाठी त्या सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी किमान एक-चतुर्थांश सदस्यांच्या सहीची नोटीस निदान चौदा दिवस आधी द्यावी लागते, आणि ठराव एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश बहुमताने संमत व्हावा लागतो. मग दुसरे सभागृह त्या आरोपाची चौकशी करते अथवा करवून घेते. या चौकशीत राष्ट्रपतींना स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत आपली बाजू मांडण्याचा हक्क आहे. चौकशीअंती त्या सभागृहानेही तितक्याच बहुमताने आरोप सिद्ध झाल्याचे ठरवले, तर त्या क्षणापासून राष्ट्रपती पदच्युत होतात. अनुच्छेद ३६१ प्रमाणे आपल्या अधिकारांच्या वापराबद्दल राष्ट्रपती कोणत्याही न्यायालयाला उत्तरदायी नाहीत. अर्थात त्यांच्यापुरते न्यायालय एकच, आणि ते म्हणजे संसद.

या कलमाचा अर्थ लावताना संविधान सभेतील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या दोन खुलाशांचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे. कारण १९७९ चा सारा वाद या दोन खुलाशांच्या मधल्या जागेत घडला.

पहिला खुलासा हरी विष्णू कामत यांच्या प्रश्नावरचा. एखाद्या प्रकरणी राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाचा सल्ला मानला नाही, तर तो संविधानाचा भंग ठरून ते महाभियोगास पात्र होतील काय, असे कामतांनी विचारले होते. त्याविषयी तिळमात्र शंका नाही, अशा आशयाचे उत्तर डॉ. आंबेडकरांनी दिले. दुसरा खुलासा लोकसभेच्या विसर्जनासंबंधीचा. पंतप्रधानाने मागितले की विसर्जन द्यावयाचे काय, या शंकेला उत्तर देताना त्यांनी सांगितले, की राष्ट्रपती आधी सभागृहाचे मन अजमावतील. दुसऱ्या एखाद्या नेत्याच्या हाती कारभार सोपवून काम चालवण्यास सभागृह तयार आहे काय हे पाहतील. आणि विसर्जनावाचून गत्यंतर नाही अशी खात्री झाली तरच तो सल्ला स्वीकारतील.

पहिल्या खुलाशात आज्ञापालनाचा दंडक आहे, दुसऱ्यात तारतम्याची जबाबदारी. एरवी या दोहोंत विरोध उद्भवत नाही. परंतु सल्ला देणारा पंतप्रधानच सभागृहाला सामोरा गेलेला नसेल तर? संविधान सभेने हा प्रसंग कल्पिला नव्हता. तो तीस वर्षांनी उभा राहिला.

संजीव रेड्डी आणि आदिलाबादचे वाचक

नीलम संजीव रेड्डी हे नाव आदिलाबादच्या वाचकांना दिल्लीहून प्रथम कळले असे नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुकेही तिकडे गेले. पुढे १९५९ मध्ये राजुरा चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यास जोडला गेला. उरलेला जिल्हा, त्यातील मराठी वस्तीसह, नव्या आंध्र प्रदेशात राहिला. एकाच घराण्याच्या शेतजमिनी आणि सोयरिकी दोन राज्यांत विभागल्या गेल्या. त्या नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री म्हणून त्याच दिवशी ज्यांनी शपथ घेतली ते अनंतपूर जिल्ह्यातील इल्लूरचे संजीव रेड्डी होत.

त्या राज्यनिर्मितीपूर्वी, २० फेब्रुवारी १९५६ रोजी, आंध्र आणि तेलंगणातील नेत्यांमध्ये सभ्य गृहस्थांचा करार या नावाने प्रसिद्ध असलेला समझोता झाला होता. त्यावर सही करणाऱ्यांत एका बाजूला संजीव रेड्डी होते, आणि दुसऱ्या बाजूला आदिलाबाद जिल्ह्यातील जे. व्ही. नरसिंगराव. मुख्यमंत्री एका भागाचा असेल तर उपमुख्यमंत्री दुसऱ्या भागाचा असावा, असे त्यात ठरले होते. पहिल्या मंत्रिमंडळात मात्र उपमुख्यमंत्र्याचे पद नव्हते. त्या कराराला कायद्याचे कलम नव्हते. होता तो शब्द आणि संकेत. संकेत पाळला गेला नाही तर दाद कोठे मागावयाची, हा प्रश्न तेलंगणाने तेव्हापासून अनुभवला. १९७९ साली सारा देश त्याच प्रश्नापाशी येऊन ठेपला, ही गोष्ट योगायोगाची असली तरी अर्थपूर्ण आहे.

राष्ट्रपतिपदाकडे रेड्डींचा प्रवासही वळणावळणाचा झाला. १९६९ च्या निवडणुकीत ते काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते. पंतप्रधान इंदिरा गांधींनी सद्सद्विवेकाच्या मतदानाचे आवाहन केले आणि व्ही. व्ही. गिरी विजयी झाले. तिसरे प्रमुख उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. कोकणातले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि माजी अर्थमंत्री. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई आंध्रच्या, स्वतः संविधान सभेच्या सदस्य. पहिल्या पसंतीची मते गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ पडली. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा अटीतटीचा निकाल लागला.

त्यानंतर काही वर्षे रेड्डी राजकारणापासून दूर राहिले. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत आंध्र प्रदेशातील ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या. आदिलाबादही त्यांतच आले. जनता पक्षाच्या वाट्याला आलेली एकमेव जागा नंद्याळची, आणि ती जिंकणारे उमेदवार संजीव रेड्डी. ते लोकसभेचे अध्यक्ष झाले, आणि लवकरच राष्ट्रपतिपदासाठी त्यांचे नाव पुढे आले. ३७ अर्जांपैकी ३६ अवैध ठरल्याने ते बिनविरोध निवडून आले. २५ जुलै १९७७ रोजी त्यांनी शपथ घेतली. सर्वांच्या संमतीने आलेल्या या राष्ट्रपतींवर दोनच वर्षांत महाभियोगाची भाषा करणारे लोक बहुतांशी तेच होते, ज्यांनी त्यांना उमेदवारी दिली होती.

अडतीस दिवसांचे नाट्य

जुलै १९७९ मध्ये जनता पक्ष आतून दुभंगत चालला होता. ११ जुलै रोजी विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी मोरारजी देसाई मंत्रिमंडळाविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला. चर्चा चालू असतानाच सत्तारूढ पक्षातून सदस्यांची गळती सुरू झाली, आणि मतदानापर्यंत न थांबता १५ जुलै रोजी मोरारजींनी राजीनामा दिला.

राष्ट्रपतींनी प्रथम १८ जुलै रोजी यशवंतराव चव्हाणांना सरकार बनवण्याची शक्यता अजमावण्यास पाचारण केले. महाराष्ट्राचा नेता पंतप्रधानपदाच्या इतक्या निकट प्रथमच गेला होता. परंतु संख्या जमली नाही. २२ जुलै रोजी त्यांनी आपली असमर्थता कळवली. मग मोरारजी देसाई आणि चौधरी चरणसिंग या दोघांकडून समर्थकांच्या याद्या मागवण्यात आल्या. याद्यांतील काही नावांबद्दल वादही झाले. अखेर चरणसिंगांचे पारडे जड ठरले आणि २८ जुलै रोजी त्यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. चव्हाण उपपंतप्रधान झाले. निमंत्रण देताना राष्ट्रपतींनी एक अट सुचवली होती, ती अशी की ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांनी लोकसभेचा विश्वास संपादन करावा.

त्यासाठी २० ऑगस्ट हा दिवस मुक्रर झाला. इंदिरा गांधींच्या काँग्रेसने पाठिंबा काढून घेतला, आणि चरणसिंगांनी सभागृहात न जाताच राजीनामा दिला. त्याच वेळी लोकसभा विसर्जित करून मध्यावधी निवडणुका घ्याव्यात असा सल्लाही दिला. इकडे मोरारजींनी नेतृत्व सोडल्यावर जनता संसदीय पक्षाने जगजीवनराम यांची नेतेपदी निवड केली होती. लोकसभेतील सर्वांत मोठा पक्ष अद्याप तोच होता. पर्यायी सरकार बनवण्यास आपण तयार आहोत, असा जगजीवनरामांचा दावा होता. २२ ऑगस्ट रोजी ते आणि पक्षाध्यक्ष चंद्रशेखर राष्ट्रपतींना भेटले. संख्याबळ मांडण्यास अवधी मिळेल अशा समजुतीने ते परतले. त्याच दिवशी, भेटीनंतर काही तासांतच, लोकसभा विसर्जित झाल्याची घोषणा झाली.

मोरारजींच्या राजीनाम्यापासून या घोषणेपर्यंतचे दिवस मोजले तर ते अवघे एकोणचाळीस भरतात. मधले अंतर अडतीस दिवसांचे. तेवढ्या काळात तीन नेत्यांनी पंतप्रधानपदासाठी संख्या मोजली, आणि त्यांतल्या एकाचीही मोजदाद लोकसभेच्या सभागृहात झाली नाही.

आरोपाची बाजू

जनता पक्षात संतापाची लाट उसळली आणि राष्ट्रपतींवर महाभियोग चालवण्याची धमकी दिली गेली. त्या संतापाखाली जो युक्तिवाद होता तो मात्र पोरकट नव्हता. त्याचे तीन धागे वेगळे करता येतात.

पहिला धागा कायद्याचा. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक केला हे खरे. परंतु अनुच्छेद ७५ प्रमाणे मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. ज्या मंत्रिमंडळाने लोकसभेचे एकदाही तोंड पाहिले नाही, त्याची जबाबदारी कोणाशी जडली? आणि जबाबदारीच जडली नसेल तर त्याच्या सल्ल्याला बंधनाचे बळ कोठून येणार? शिवाय ४४ व्या दुरुस्तीने सल्ला फेरविचारासाठी एकदा परत पाठवण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिला होता, आणि तो अधिकार २० जून १९७९ पासून, म्हणजे या प्रसंगाच्या अवघे दोन महिने आधी, अंमलात आला होता. हत्यार हाती नव्हते असे म्हणण्यास जागा नव्हती.

दुसरा धागा समन्यायाचा. चव्हाणांना चार दिवस मिळाले. मोरारजी आणि चरणसिंग यांना याद्या सादर करण्याची संधी मिळाली. चरणसिंगांना शपथेनंतर तीन आठवडे मिळाले. सर्वांत मोठ्या पक्षाच्या नेत्याला मात्र एक दिवसही मिळाला नाही. डॉ. आंबेडकरांच्या दुसऱ्या खुलाशाची कसोटी लावली तर सभागृहाचे मन अजमावण्याची पायरी येथे गाळली गेली, असा हा आक्षेप होता.

तिसरा धागा सामाजिक होता, आणि तोच सर्वांत खोल गेला. जगजीवनराम पंतप्रधान झाले असते तर त्या पदावर बसणारे ते पहिले दलित नेते ठरले असते. महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात या गोष्टीचा अर्थ कोणास समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती; विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर १९७८ मध्ये मराठवाड्यात जी जाळपोळ झाली तिच्या जखमा अजून ओल्या होत्या. राष्ट्रपतींच्या मनात काय होते हे शोधण्याचा इतिहासाला अधिकार नाही. पण दार ज्याच्या तोंडावर बंद झाले तो कोण होता, याची नोंद इतिहासाने घेतलीच पाहिजे.

बचावाची बाजू

बचावाचा युक्तिवादही तोलामोलाचा होता. चरणसिंग हे विधिवत शपथ घेतलेले पंतप्रधान होते. त्यांचा सल्ला नाकारला असता तर कामतांच्या प्रश्नावर आंबेडकरांनी दिलेले उत्तर राष्ट्रपतींवरच उलटले असते. सल्ला मानला नाही म्हणून महाभियोग लावा, अशी ओरड दुसऱ्या बाजूने झाली असती. सल्ला मानला म्हणून दोष आणि नाकारला तरी दोष, अशा कात्रीत कोणतेही घटनात्मक पद उभे राहू शकत नाही.

दुसरे असे की ज्या सभागृहात दोन महिन्यांत निष्ठा अनेकदा बदलल्या, तेथे उभे राहणारे प्रत्येक नवे सरकार पक्षांतराच्या पायावरच उभे राहिले असते. तेव्हा पक्षांतरबंदीचा कायदा नव्हता. जनता पक्षाबाहेरच्या मोठ्या गटांना निवडणूकच हवी होती. तिसरे आणि सर्वांत वजनदार म्हणणे असे, की विसर्जनाने सत्ता राष्ट्रपतींच्या हाती गेली नाही, ती मतदारांच्या हाती गेली. लोकांकडे कौल मागणे हा संविधानाचा भंग कसा?

राष्ट्रपतींच्या बाजूने आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. काळजीवाहू म्हणून राहिलेल्या चरणसिंग सरकारने निवडणूक-खर्च, कंपनी कायदा अशा मोठ्या विषयांवर अध्यादेश काढण्याची तयारी केली, तेव्हा असे दूरगामी निर्णय काळजीवाहू सरकारने घेणे योग्य नाही अशी भूमिका घेऊन रेड्डींनी ते काढण्यास नकार दिला. विसर्जनाच्या वेळी ज्या तारतम्याचा अभाव टीकाकारांना दिसला, ते तारतम्य येथे त्यांनी दाखवले. पुढे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आठवणींना त्यांनी निर्भय आणि निःपक्षपाती अशा अर्थाचे शीर्षक दिले.

महाराष्ट्रातील नेते या वादात एका बाजूला नव्हते. यशवंतराव चव्हाण चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान होते, त्यामुळे सल्ल्याच्या जबाबदारीत त्यांचाही वाटा येत होता. एकाच समाजवादी परंपरेतून आलेल्यांपैकी मधू लिमये चरणसिंगांच्या पक्षात, तर मधू दंडवते जनता पक्षात. नांदेडहून शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव धोंडगे लोकसभेत गेले होते. त्यांची मुदत अर्ध्यावर तुटली. आणि संविधान सभेत महाभियोगाचा तो प्रश्न विचारणारे हरी विष्णू कामत, तेही होशंगाबादहून जनता पक्षाचे खासदार म्हणून याच लोकसभेत बसले होते. ज्या शंकेचे उत्तर त्यांनी तीस वर्षांपूर्वी मिळवले होते, त्या उत्तराची मर्यादा त्यांना स्वतःच्या सदस्यत्वाच्या मोलाने पाहावी लागली.

महाभियोग का झाला नाही

महाभियोगाची भाषा कृतीत उतरली नाही. त्याचे एक कारण गणिताचे आणि दुसरे रचनेचे होते.

रचनेचे कारण विचारात घेण्यासारखे आहे. ६१ व्या अनुच्छेदाला दोन सभागृहे लागतात : एक आरोप ठेवणारे, दुसरे चौकशी करणारे. ज्या कृतीबद्दल आरोप ठेवावयाचा, त्या कृतीनेच एक सभागृह नाहीसे केले होते. राज्यसभा शिल्लक होती. तिला आरोप ठेवता आला असता. परंतु चौकशी करण्यास नवी लोकसभा येईपर्यंत थांबावे लागले असते. राज्यसभेत जनता पक्षाकडे दोन-तृतीयांश सोडाच, साधे बहुमतही नव्हते. ३१ ऑगस्ट रोजी न्या. मोहम्मद हिदायतुल्ला उपराष्ट्रपती आणि म्हणून राज्यसभेचे सभापती झाले. नागपूर उच्च न्यायालयाचे आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश राहिलेले हे गृहस्थ १९६९ मध्ये काही काळ कार्यवाहक राष्ट्रपतीही होते. तो खटला उभा राहता तर सभापतीच्या आसनावर कायद्याचा एवढा मोठा पंडित बसलेला दिसला असता. परंतु खटला उभा राहिला नाही.

गणिताचा निकाल जानेवारी १९८० मध्ये लागला. ३ आणि ६ जानेवारीच्या मतदानात इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ३५३ जागा मिळाल्या. जनता पक्ष ३१ वर आला, चरणसिंगांचा पक्ष ४१ वर. आंध्र प्रदेशातील ४२ पैकी ४१ जागा पुन्हा इंदिरा काँग्रेसकडे गेल्या. महाभियोगाला लोकसभेत सुमारे ३६२ मते लागली असती. ती मागणारा पक्ष एकतीस जणांचा उरला होता. संजीव रेड्डी यांनी आपली मुदत जुलै १९८२ मध्ये पूर्ण केली. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले.

जनतेने कौल दिला, एवढ्यावरून विसर्जन योग्य होते असे सिद्ध होत नाही. मतदारांनी सरकार निवडले. राष्ट्रपतींच्या वर्तनाचा न्याय त्यांच्यापुढे मागितलाच गेला नव्हता. तो न्याय ज्या संस्थेने करावयाचा, ती संस्था बरखास्त होती. महाभियोगाच्या तरतुदीतील ही फट आजही तशीच आहे.

वादातून काय उरले

तथापि वाद व्यर्थ गेला असे म्हणता येणार नाही. महाभियोगाने जे झाले नाही ते हळूहळू संकेतांनी आणि कायद्याने केले. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरावर बंधन आले. १९८९ मध्ये कोणासही बहुमत नसताना राष्ट्रपती रामस्वामी वेंकटरमण यांनी सर्वांत मोठ्या पक्षाला प्रथम विचारणा केली आणि त्याने नकार दिल्यावर पुढच्यास बोलावले. १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या संदर्भात निर्वाळा दिला, की बहुमताची परीक्षा सभागृहाच्या पटावर व्हावी.

या कथेला एक विलक्षण उपसंहारही आहे. १९७९ मध्ये विसर्जनाविरुद्ध लढणारे चंद्रशेखर नोव्हेंबर १९९० मध्ये स्वतः पंतप्रधान झाले, तेही बाहेरच्या पाठिंब्यावर. मार्च १९९१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि लोकसभा विसर्जनाचा सल्लाही दिला. राष्ट्रपतींनी तो मानला, आणि महाभियोगाचे नाव कोणी काढले नाही. फरक दोन गोष्टींत होता. चंद्रशेखरांनी आधी सभागृहात विश्वास सिद्ध केला होता, आणि पर्यायी सरकारचा दावा घेऊन दुसरे कोणी दारात उभे नव्हते. सल्ला तोच, पण आंबेडकरांच्या दोन्ही खुलाशांची पूर्तता या वेळी झाली होती.

आरोप ठेवणे आणि पदच्युत करणे यांत किती अंतर असते, हे १९९३ मध्ये न्या. व्ही. रामस्वामी यांच्या प्रकरणी दिसले. न्यायाधीशांना दूर करण्याची पद्धत वेगळी, तरी तिला रूढ भाषेत महाभियोगच म्हणतात. त्या प्रकरणाच्या चौकशी समितीवर न्या. पी. बी. सावंत होते आणि लोकसभेच्या अध्यक्षपदी लातूरचे शिवराज पाटील. समितीने ठपका ठेवला असताही ११ मे १९९३ रोजी ठरावाच्या बाजूने १९६ मते पडली, विरोधात एकही नाही, आणि २०५ सदस्य तटस्थ राहिले. ठराव बारगळला. अमेरिकेतही १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले, आणि १९७४ मध्ये निक्सन यांनी प्रतिनिधिगृहातील मतदानापूर्वीच राजीनामा दिला. महाभियोगाची तलवार म्यानातच अधिक काम करते, असा हा जगाचा अनुभव आहे.

सभागृहाला सामोरे न जाता दिलेल्या राजीनाम्याची किंमत काय, हा प्रश्न महाराष्ट्रासमोर पुन्हा आला तो २०२२ मध्ये. बहुमत सिद्ध करण्याच्या आदल्या दिवशी, २९ जून रोजी, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांचा बहुमत चाचणीचा आदेश समर्थनीय नव्हता असे म्हटले. तथापि मुख्यमंत्री चाचणीला सामोरे गेले नसल्याने पूर्वस्थिती परत आणता येत नाही, असेही स्पष्ट केले. पटावर न झालेल्या मोजणीची भरपाई नंतर कोणालाच करता येत नाही, हा १९७९ चा धडा त्या निकालात पुन्हा वाचावयास मिळतो.

मग संजीव रेड्डी यांनी संविधानाचा भंग केला होता काय? कलमांच्या अक्षरावर बोट ठेवून तसे म्हणणे कठीण आहे. सल्ला होता, तो त्यांनी मानला. परंतु अक्षराइतकाच संकेतही संविधानाचा भाग आहे असे मानले, तर सर्वांत मोठ्या पक्षाच्या नेत्याला सभागृहात एकदा उभे राहण्याची संधी न देणे ही मोठी उणीव होती, असे म्हणावे लागते. ती उणीव महाभियोगास पुरेशी नव्हती, आणि विसरून जाण्याइतकी लहानही नव्हती. सभ्य गृहस्थांच्या कराराचा अनुभव असलेल्या या जिल्ह्याला हे अधिक उमजावे. लिखित कलमाचा भंग न्यायालयाला दिसतो. अलिखित संकेताचा भंग मात्र ज्यांना पूर्वीचे आठवते त्यांनाच दिसतो.

ही आठवण जपण्याचे काम ग्रंथालयांचे आहे. संविधान सभेच्या चर्चांचे खंड, त्या वर्षीच्या वृत्तपत्रांची बांधीव पुस्तके आणि दोन्ही बाजूंच्या नेत्यांची आत्मकथने एकाच कपाटात शेजारी शेजारी उभी असतात. ज्या खटल्याला संसदेत न्यायासन मिळाले नाही, त्याची सुनावणी तेथे, वाचकाच्या मेजावर, आजही होऊ शकते. एके काळी वाचनालय उघडणे हेच ज्या मुलखात संशयास्पद होते, तेथे राष्ट्रपतींच्या वर्तनाचा निवाडा एखादा सामान्य वाचक दोन्ही बाजू वाचून करू शकतो. शंभर वर्षांच्या वाटचालीत या मुलखाने जे मिळवले, त्याचे माप घ्यावयाचे तर ते याच मेजावर घ्यावे.